मुक्कामी गाडीच्या पहाटेचे फोटो: मोबाइल पुरे, की कॅमेरा घ्यावा?

मुक्कामी_वाहक | १२ जानेवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी एसटीत वाहक आहे, बीड जिल्ह्यात. आठवड्यातून तीन रात्री माझी मुक्कामी ड्युटी असते. संध्याकाळची शेवटची गाडी घेऊन गावात जायचं, रात्र तिथंच काढायची आणि सकाळी सव्वासहाला तीच गाडी घेऊन तालुक्याला निघायचं. गाव बालाघाटाच्या रांगेत आहे. डांबरी रस्ता जिथं संपतो तिथं आमची गाडी उभी राहते. समोर मारुतीचं देऊळ, पिंपळाचा पार, एक हापसा आणि दूध घालायची पत्र्याची टपरी. एवढ्याशा जागेत मी चार वर्षांत नऊ हजारांवर फोटो काढलेत, सगळे मोबाइलवर.

सुरुवात पंक्चरमुळं झाली. जुलै महिना होता. घाटाच्या अलीकडं मागचं चाक बसलं आणि दुसरी गाडी यायला दीड तास लागणार होता. प्रवासी झाडाखाली बसले. बाजूला एक विहीर होती आणि विहिरीवर वाकलेल्या बाभळीला सुगरणीचे खोपे लोंबत होते. मी मोजले, सतरा भरले. त्यातले पाचसहा अर्धेच विणलेले. मी म्हटलं, वाऱ्यानं तुटले असतील. तर एक म्हातारे बाबा म्हणाले, "तुटले न्हाईत, अजून पास झाले न्हाईत. नर अर्धा इणतो, मग मादी येऊन बघून जाती. तिला पटला तर फुडचा इणायचा." ते ऐकलं आणि पुढचा तासभर मी तिथून हललो नाही. पिवळ्या डोक्याचा नर हिरवी पात चोचीत धरून येतोय, उलटा लटकून विणतोय, पंख फडफडवून बोलावतोय. चाळीस फोटो काढले. एकही नीट नाही, सगळ्यात पक्षी म्हणजे ठिपका. पण त्या रस्त्यानं मी सात वर्षं जात होतो आणि ती विहीर मला ठाऊकच नव्हती, हे मनात बसलं.

तेव्हापासून मुक्कामाला गेलो की पहाटे पाचला उठतो. त्याच पारावरून वर्षभर बघत आलोय. जूनला तिफणी निघतात. ऑगस्टात सोयाबीन गुडघ्याला लागतं आणि सगळं शिवार एकाच हिरव्या रंगाचं दिसतं, फोटोला तसा हा महिना कठीणच. दसऱ्याच्या आगंमागं बनमी, म्हणजे काढलेल्या पिकाच्या गंजी, लागतात, मळणी यंत्राचा भुस्सा उडतो आणि त्यात मावळतीचं ऊन शिरलं की माणसं नुसत्या रेघांनी काढल्यासारखी दिसतात. पौषात करडई फुलते. फाल्गुनात डोंगराच्या उतारावर पळस.

सगळ्यात जास्त फोटो मात्र दारांचे आहेत. दिवाळी झाली की हे अर्धं गाव कोयता घेऊन ऊसतोडीला जातं, कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात. मुकादमाचे ट्रॅक्टर पारापाशी लागतात, त्यात भांडी, पीठ, कोंबड्या, लेकरं भरली जातात. ज्यांच्या बैलगाड्या आहेत त्यांचे बैलही जातात. मागं राहतात म्हातारी माणसं आणि शाळेची लेकरं. खालच्या आळीत ओळीनं अकरा दारं आहेत. नोव्हेंबरात मी अकरा कुलपांचे फोटो काढतो. पाडव्याच्या सुमाराला माणसं परतली की त्याच जागी उभं राहून त्याच अकरा दारांचे परत काढतो. दोन्ही फोटो शेजारी लावून बघतो तेव्हा कुलपापेक्षा दोरीवरच्या वाळत घातलेल्या कपड्यांकडं जास्त लक्ष जातं. कपड्यांवरून कळतं घरात किती माणसं आलीत.

आता अडचणी सांगतो. जानेवारीत आमची निघायची वेळ म्हणजे पूर्वेला जरासं फटफटलेलं, बाकी सगळा काळोख. धुकं असलं की गाडीचा दिवा लावल्यावर त्या उजेडात बॅटरी घेऊन येणारं माणूस, डोक्यावर गाठोडं, मागं कुत्रं, असं काही दिसतं की बघतच राहावं. मोबाइलमध्ये ते चिखलासारखं येतं. एक तर दिव्याचा पांढरा गोळा, नाही तर माणूस हललेलं. मेहुणा म्हणतो जुना डीएसएलआर पंचवीस हजारांत मिळतो, घेऊन टाका. घरी विचारलं तर मंडळी म्हणाल्या, "घ्यायचा तर घ्या, पण हे नऊ हजार फोटो कुणी बघितलेत का आधी?" त्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. मोबाइल भरला की शे-दोनशे पुसून टाकतो, आणि पुसताना जिवावर येतं.

दुसरं, माणसांचे फोटो. न विचारता काढला तर चोरी केल्यासारखं वाटतं. विचारलं तर माणूस लगेच ताठ उभं राहतं, हात मांडीला लावून, शाळेत प्रार्थनेला उभं राहिल्यासारखं. तुम्ही काय करता?

---

पूर्णाकाठ | १२ जानेवारी, रात्री ११:०५

दादा, कॅमेरा नंतर. आधी हे करून बघा, मी परभणीत रात्रीच्या बाजारात असंच शिकलो.

लेन्स पुसा. खिशातल्या मोबाइलच्या लेन्सवर घाम आणि धूळ असते, त्यामुळंच दिव्याचा गोळा दुप्पट पसरतो. बनियनचं मऊ कापडही चालतं.

मग स्क्रीनवर त्या दिव्याच्या बाजूच्या उजळ धुक्यावर बोट दाबून धरा म्हणजे फोकस आणि उजेड तिथंच अडकतो. शेजारी सूर्याचं चिन्ह येईल ते खाली ओढा. फोटो तुम्हाला जास्तच काळा वाटेल, वाटू द्या. तुमच्या चित्रात माणूस काळी आकृतीच हवंय, मागं उजळलेलं धुकं हवंय. माणूस दिव्याच्या आणि तुमच्या मध्ये येईल असे उभे राहा. गाडीच्या मागून काढाल तर धुकं उजळत नाही, समोर चालत जाऊन गाडीकडं तोंड करून काढा.

हलण्यावर उपाय म्हणजे मोबाइल टेकवा. पाराचा कठडा, हापशाचा दांडा, काहीही. चालू इंजिनच्या गाडीला मात्र टेकवू नका, सगळी थरथर फोटोत येते. बटण दाबताना होणारा हेलकावा टाळायला तीन सेकंदांचा टायमर लावा. नाइट मोड थांबलेल्या वस्तूंना चांगला, चालत्या माणसाला वाईट, कारण तो बरेच फोटो एकावर एक रचतो. आणि बोटांनी झूम करू नका, दोन पावलं पुढं जा.

---

जुना_स्टुडिओ_अंबाजोगाई | १३ जानेवारी, सकाळी ६:३०

वाहकसाहेब, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. मी चाळीस वर्षं फोटोचा धंदा केला, आता मुलगा बघतो. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं वरच्या मुलानं चांगलं उत्तर दिलंय. मी दुसऱ्यावर बोलतो, आणि थोडं माझंही सांगतो.

१९७२ च्या दुष्काळात मी सोळा वर्षांचा होतो, एका स्टुडिओत पोऱ्या म्हणून लागलो. मालकांनी मला आग्फा क्लिक थ्री वापरायला दिला, बडोद्यात बनायचा तो. एका रोलमध्ये बारा फोटो. ऊन आहे की ढग, एवढंच ठरवायचं. महिन्याला एक रोल मिळायचा, म्हणजे महिन्याला बारा फोटो. दाबायच्या आधी मी त्या जागेला तीन वेळा जाऊन यायचो, सकाळी, दुपारी, संध्याकाळी, सावली कुठं पडते बघायला. योगेश्वरीच्या देवळाच्या शिखरावर ऊन कधी कुठं असतं हे मला आजही झोपेत विचारा. तुमचे नऊ हजार आणि माझे बारा यांत चांगलं-वाईट नाही. पण तुम्ही एकाच पारावर चार वर्षं उभे आहात, तेव्हा तुमची जात आमचीच आहे.

त्या वर्षीची एक गोष्ट अजून मनातून जात नाही. फोटो कागदावर उमटला की तो हायपोत टाकायचा, म्हणजे पक्का होतो, आणि मग भरपूर वाहत्या पाण्यानं धुवायचा. कागदात हायपो राहिला तर फोटो काही वर्षांनी पिवळा पडतो, डाग धरतो. तेव्हा प्यायला पाणी नव्हतं, फोटोला कुठलं! दोन बादल्यांत पंधरा-वीस फोटो धुवायचो आम्ही, बुडवायचे आणि काढायचे. आजही या भागात कुणाच्या घरी भिंतीवर त्या सालातलं लग्नाचं जोडपं बघतो, तांबूस-पिवळं झालेलं, तेव्हा वाटतं हे माझ्याच हातचं असावं. पाणी असतं तर ती माणसं अजून काळीपांढरी राहिली असती.

आता माणसांविषयी. माणूस ताठ उभं राहतं कारण त्याला काम दिलेलं नसतं. आधी बोला. तुमच्याकडं तर बोलायला रोजचे प्रवासी आहेत, हे नशीब कुठल्या फोटोग्राफरला असतं? फोटो काढताना माणसाला उन्हात उभं करू नका, उंबऱ्याच्या आत दीड हात बसवा, तोंड अंगणाकडं. बाहेरचा उजेड मऊ होऊन चेहऱ्यावर पडतो आणि मागचं घर आपोआप अंधारात जातं. हजार रुपयांचा पडदा जे करत नाही ते उंबरा करतो. तुमच्या गावात माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची, घरं उरली असतील तर सकाळी चूल पेटल्यावर आत जाऊन बघा. वरच्या झरोक्यातून येणारा कवडसा धुरात असा उभा राहतो की धरून वर चढावं. तो कवडसा हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात एका जागी पडत नाही, हे तुम्हाला वर्षभर जाता येतंय म्हणून सांगतो.

भर दुपारी काढायची वेळ आलीच तर जुना हिशेब लक्षात ठेवा: लख्ख उन्हात लेन्सचं छिद्र एफ १६, आणि शटर रोलच्या वेगाच्या (आयएसओच्या) आकड्याइतकं. शंभराचा रोल असेल तर १/१२५ सेकंद. मोबाइलला याचा उपयोग नाही, पण पुढं कॅमेरा घेतलात तर मीटर न बघता उजेड ओळखायची सवय यातून लागते.

आणि मंडळींनी विचारलं ते बरोबर विचारलंय. छापा. नऊ हजारांतले वीस निवडा, चार बाय सहाच्या कागदावर छापून आणा आणि ज्यांचे आहेत त्यांच्या हातात द्या. फोटो हातात पडला की माणूस पुढच्या वेळी ताठ उभं राहत नाही, हे मी लिहून देतो.

---

गोदाकाठची | १३ जानेवारी, दुपारी २:१५

मी पैठणला असते, पक्षी बघते आणि त्यांचेच फोटो काढते. कॅमेऱ्याबद्दल अनुभव सांगते.

पक्षी काढायचे असतील तर मोबाइलनं भागत नाही. तुमच्या सुगरणीचा ठिपका झाला त्याचं कारण तेच. मी जुनी बॉडी (म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा) आणि लांबचं जवळ आणणारी ७०-३०० ची लेन्स घेतली. तरीही नाथसागरावर दहा सकाळी गेले तर एक सकाळ हाती लागते. पाणी मागं सरकलं की उघड्या जमिनीवर लोक गाळपेर करतात. हिवाळ्यात त्या हरभऱ्या-गव्हात पट्टकादंब चरायला उतरतात. मध्य आशियाकडून हिमालय ओलांडून येतात ते, डोक्यावर दोन काळे पट्टे. मी बांधाआड पालथी पडून वाट बघते. सुरुवातीला मला वाटायचं त्यांना उडवलं की पंख पसरलेला फोटो मिळेल, आणि एकदा मी टाळी वाजवली. सगळा थवा उठला, पार पलीकडच्या काठाला गेला आणि त्या दिवशी परत चरायला आला नाही. एवढं अंतर उडून आलेल्या पाखरांची सकाळ मी घालवली, याचं वाईट मला आजही वाटतं. आता ते आपणहून उठतील तेव्हाच. सुगरणीच्या खोप्यांनाही जवळ जाऊ नका, विहिरीच्या अलीकडूनच बरं.

पण तुमचं चित्र धुकं, दारं, माणसं, उंबरे असं आहे. त्याला मोबाइल पुरतो असं माझं स्पष्ट मत. घ्यायचाच झाला तर मोठी झूम घेऊ नका, ५० मिमी एफ १.८ ही साधी, स्वस्त लेन्स घ्या. ती अंधारात तुमच्या मोबाइलपेक्षा कितीतरी जास्त उजेड आत घेते. जुनी बॉडी घेताना शटर किती वेळा चाललंय ते विचारा आणि लेन्स उजेडाकडं धरून आत बुरशीची जाळी दिसते का बघा.

अंधारात हात स्थिर ठेवायला मी अजिंठ्यात शिकले. तिथं फ्लॅश मारायला बंदी आहे, रंगांच्या काळजीपोटी, आणि ती योग्यच आहे. पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोर उभं राहिलं की आधी काहीच दिसत नाही. पाच मिनिटं थांबलं की हळूहळू मुकुट दिसतो, मग खाली झुकलेली नजर, मग हातातलं कमळ. कोपरं बरगड्यांना लावायची, श्वास अर्धा सोडून थांबायचं आणि लागोपाठ तीन फोटो घ्यायचे, मधला बहुतेक वेळा स्थिर येतो. वेरूळला मात्र दुपारनंतर जा. लेण्यांची तोंडं पश्चिमेला आहेत, सकाळी कैलासाचा दर्शनी भाग सावलीत असतो आणि चारनंतर तोच सोन्यासारखा होतो. (सुट्टी काढून जाणार असाल तर: अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी.)

फोटो पुसू नका, ही मात्र कळकळीची विनंती. अजिंठ्याचाच दाखला देते. १८४४ साली रॉबर्ट गिल नावाच्या लष्करी अधिकाऱ्याला तिथल्या चित्रांच्या नकला करायला नेमलं. त्यानं वर्षानुवर्षं तिथं राहून तैलरंगात मोठमोठ्या नकला केल्या, त्या विलायतेला गेल्या, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या आणि १८६६ च्या आगीत त्यातल्या बहुतेक जळाल्या. एवढं आयुष्य एका ठिकाणी एकाच प्रतीत ठेवलेलं होतं. पुढं त्यानं कॅमेऱ्यानं काढलेले लेण्यांचे फोटो आजही बघायला मिळतात, कारण त्यांच्या प्रती निघाल्या होत्या. तुम्ही एक हार्ड डिस्क घ्या, कॅमेऱ्याआधी. एक प्रत तिच्यावर, दुसरी मेहुण्याच्या घरी. अकरा दारांची चार वर्षं दुसऱ्या कुणाकडं नाहीत.

---

काळी_माती | १४ जानेवारी, रात्री ८:५०

मी शेतकरी आहे, औशाकडची. फोटो काढणाऱ्यांचं सगळं झालं, आता ज्याचा फोटो काढतात त्याच्या बाजूनं सांगते.

दोन वर्षांमागं आम्ही बाया खुरपायला बसलो होतो. रस्त्यावर गाडी थांबली, चौघं उतरले, मोठे मोठे कॅमेरे. "मावशी, इकडं बघा, घाम पुसा, परत पुसा." अर्धा तास आमची पात थांबली. मी म्हणाले मला दाखवा तरी, तर एकानं बारक्या पडद्यावर दाखवल्यासारखं केलं आणि गेले. पाठवतो म्हणाले, नंबरही लिहून घेतला. आजवर काही आलं नाही. माझा चेहरा कुठं लागलाय, कुठं नाही, मला माहीत नाही. दादा, तुम्हाला न विचारता काढताना चोरी केल्यासारखं वाटतं ना, ते तसंच वाटू द्या, चांगलं आहे ते.

माझं स्वतःचं फोटो काढणं पीकविम्यातून सुरू झालं. तेव्हा नुकसान झालं की ७२ तासांत कळवावं लागायचं, फोटो जोडावे लागायचे. सोयाबीन पाण्यात उभं होतं, मी गुडघाभर चिखलात उभी राहून फोटो काढले. त्यातल्या एका फोटोत पाण्यात आभाळ उतरलं होतं आणि सोयाबीनच्या शेंगा आभाळात लटकल्यासारख्या होत्या. नुकसानाचा फोटो इतका देखणा कसा आला म्हणून मलाच कसंतरी झालं. रडू आलं आणि मी तो चारदा बघितलाही. तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी त्याच बांधावरून, त्याच लिंबाच्या खोडाला पाठ टेकवून एक फोटो काढते. तुमच्या दारांसारखंच. मागच्या वर्षी तूर कधी फुलली, यंदा कधी, हे मी आता फोटो बघून सांगते. घरचेही विचारतात.

येळवशीचे फोटो मात्र मी जपून काढते. तुमच्याकडं सगळीकडं करत नसतील, आमच्याकडं लातूर-धाराशिवला मार्गशीर्षातल्या अमावस्येला गाव रिकामं होऊन शेतात जातं. कडब्याची कोप करायची, त्यात पांडव मांडायचे, आंबील, भज्जी, उंडे. "ओलगे ओलगे सालम पलगे" म्हणत कोपीला फेरा घालून आंबील शिंपडतात तेव्हा मी मोबाइल खाली ठेवते. तो फेरा मला डोळ्यांनीच बघायचा असतो. जेवणं झाली की मग काढते: भज्जीचं रिकामं पातेलं, उताणी झोपलेली माणसं, आंबील मिशीला लागलेले सासरे. सासऱ्यांनी तो फोटो स्वतः मागून घेतला.

---

मुक्कामी_वाहक | १५ जानेवारी, रात्री १०:२०

सगळ्यांचे आभार. काका, पिवळ्या फोटोंचं वाचून आमच्या आईच्या लग्नाचा फोटो उतरवून बघितला, त्याच्या पाठीवर अंबाजोगाईचाच शिक्का आहे. आईला दाखवून तुमचं लिहिलेलं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्या साली आम्हालाच आंघोळीला पाणी नव्हतं, फोटोला कुठलं मिळणार. त्यांना म्हणावं, वाईट वाटून घेऊ नका."

कॅमेरा सध्या नाही. हार्ड डिस्क घेतली. ताई, तुमचं बोलणं लागलं आणि पटलं. मंडळी आणि मी बसून वीस निवडायचे म्हणून बसलो, तिनं बावीस निवडले. मी निवडलेल्यांतले त्यात फक्त सात होते. तिनं धुक्याचे सगळे बाजूला सारले, म्हणाली, "ह्यात माणूस कोण हे कळंना. कुणाला द्यायचा हा?"

---

मुक्कामी_वाहक | ३ मार्च, रात्री ९:१५

उशिरा लिहितोय. बावीस फोटो छापून आणले आणि मुक्कामाच्या तीन फेऱ्यांत वाटले. दूध घालायला येणाऱ्या पोराला त्याचा, हापशावरच्या दोघी बहिणींना त्यांचा. काका म्हणाले ते खरं निघालं, आता कुणी ताठ उभं राहत नाही. उलट सांगायला येतात. परवा एक जण म्हणाला, "वढ्याच्या अंगाला पळस लागलाय, लवकर उठा." उंबऱ्याचा उजेडही करून बघितला. खालच्या आळीत एक आजी आहेत. मुलगा-सून तोडीला कर्नाटकात, नात आजीजवळ शाळेला. दोघींना उंबऱ्याच्या आत दीड हात बसवलं. नातीचे केस आजी विंचरत होत्या, तेच चालू ठेवा म्हटलं. चार वर्षांत माझ्या हातून असा फोटो निघाला नव्हता. आजींच्या हातावरचं गोंदणसुद्धा वाचता येतंय.

नात म्हणाली, पप्पाला पाठवा. तिनं नंबर पाठ सांगितला. मी पाठवला. तीन दिवस काही नाही, आणि चौथ्या दिवशी रात्री तिकडून एक फोटो आला. त्यानं स्वतः काढलेला. पहाटेचं धुकं, उसाच्या मोळ्यांनी भरलेली गाडी, जुंपलेले दोन बैल, जुवाशेजारी त्याची बायको डोक्याला फडकं बांधून उभी. पूर्णाकाठ, तू म्हणालास तसंच, उजेड मागून, माणूस काळं, धुकं पेटल्यासारखं. त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं.

मी तो छापून घेतला, जरा मोठा, आणि पुढच्या मुक्कामाला आजींना नेऊन दिला. त्यांनी चष्मा लावला, फोटो अंगणात उजेडाला नेला आणि बराच वेळ बघितला. सुनेकडं बघितलं असेल, गाडीकडं बघितलं असेल. मग म्हणाल्या, "ढवळ्या लई वाळलाय की रं बाबा."

मला तर दोन्ही बैल सारखेच वाटले होते. त्यांनी बोट ठेवून दाखवलं, माकडहाडाच्या वर, पुठ्ठ्याजवळ. तिथं खरंच खळगा आहे.

थोड्या वेळानं मला परसात घेऊन गेल्या. यंदाच्या ज्वारीचा कडबा रचून ठेवलेला, माणसाच्या दीडपट उंच बनीम. म्हणाल्या, "ह्याचा काढ फोटू. समदा दिसू दे. आन् लिव्ह त्याला, ढवळ्याला म्हणावं कडबा ठिवलाय."

तेव्हा दिवस बुडला होता, उजेड नव्हता. सकाळी गाडी निघायच्या आधी काढतो म्हटलं. मामांना सांगून ठेवलं, आमच्या ड्रायव्हरना, त्यांनीच मला पावणेसहाला उठवलं. पूर्वेचा पहिला उजेड बनमीच्या एका बाजूला लागला, कडब्याचं एकेक ताट वेगळं दिसायला लागलं. आजी म्हणाल्या समदा दिसू दे, म्हणून मागं सरकत सरकत बाभळीच्या काट्यात गेलो. सगळा कडबा आला. सहा वाजून दहा मिनिटांनी पाठवला आणि गाडीत जाऊन बसलो.